जपानहून आलेल्या शिक्षिकेला कोकणातला शरद ऋतू कसा दाखवावा?

मांडवीकर

नमस्कार. मी रत्नागिरीतील एका महाविद्यालयात शिकवते. या सत्रात जपानी भाषा शिकवण्यासाठी जपानहून एक शिक्षिका आमच्याकडे आल्या आहेत. त्या सप्टेंबरच्या मध्यास आल्या आणि डिसेंबरपर्यंत राहतील. आमच्या घराच्या मागील बाजूच्या दोन खोल्या आम्ही त्यांना दिल्या आहेत. त्यांचा दिनक्रम आता बसला आहे. पहाटे उठून त्या मांडवीच्या धक्क्यापर्यंत चालून येतात, दिवसभर वर्ग घेतात आणि संध्याकाळी माझ्या सासूबाईंजवळ ओटीवर बसून मराठी अंक व महिन्यांची नावे शिकतात. शेजारचे कोणी ना कोणी रोज वाटीभर काहीतरी आणून देते. ती वाटी रिकामी परत करायची नाही ही रीत त्यांना सांगावी लागली नाही, कारण त्यांच्याकडेही मिळालेल्या वस्तूची परतफेड करण्याची पद्धत आहे. मात्र वाटीत काय घालावे हे त्या मला दर वेळी विचारतात.

अडचण सुट्टीच्या दिवसाची आहे. पहिले तीन रविवार आम्ही त्यांना हौसेने गणपतीपुळे, रत्नदुर्ग आणि पावस येथे नेले. प्रत्येक ठिकाणी त्यांच्यासोबत छायाचित्र काढून घेण्यासाठी लोकांची रांग लागली आणि त्या सर्वांशी हसून बोलल्या. परंतु परतताना त्या थकलेल्या असत, आणि तो थकवा चालण्याचा नव्हता हे मला दिसत होते. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारले, "इथे शरद ऋतू कुठे पाहायचा?" त्यांच्या डोंगराळ गावात या दिवसांत झाडांची पाने लाल-पिवळी होतात, कोणत्या भागात रंग कुठवर आला याच्या बातम्या येतात आणि लोक मुद्दाम ते पाहायला जातात. इथे सगळे हिरवेच आहे आणि ऊन तर चैत्रासारखे आहे. मला उत्तर देता आले नाही.

एक गोष्ट मात्र मनाजोगी घडली. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवले, तेव्हा त्यांनी सांगितले की त्यांच्याकडचा चंद्र पाहण्याचा मुख्य सण साधारण आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येतो, आणि त्यानंतर महिन्याने "तेरावी रात्र" म्हणून पुन्हा एकदा चंद्र पाहतात. ती आपल्या कोजागिरीच्या दोनच दिवस आधीची असते. त्या रात्री त्या बाराच्या पुढेपर्यंत जाग्या होत्या आणि इतक्या मोकळेपणाने बोलताना मी त्यांना प्रथमच पाहिले. त्यांना ठिकाणे दाखवून भागणार नाही, त्यांना हा ऋतू हवा आहे, असे मला वाटते. दिवाळीला दहा-बारा दिवस आहेत. पुढचे चार-पाच रविवार कसे घालवावेत, याविषयी कृपया सुचवावे.

आणखी एक प्रश्न आहे. आमच्या घरी मासे शिजत नाहीत. त्या समुद्राकाठच्या नसल्या तरी माशांवर वाढलेल्या आहेत, आणि भिडेमुळे एका शब्दाने काही बोलत नाहीत. याचे काय करावे?

लांज्याकडचा शेतकरी

ताई, बाईंनी अगदी योग्य प्रश्न विचारला आहे, आणि त्याचे उत्तर सध्या आपल्याकडच्या कोणत्याही मळ्यात उभे आहे. आंबा, काजू, फणस ही आपली झाडे बारमाही हिरवी असतात, त्यामुळे त्यांच्यावर शरद शोधून सापडणार नाही. आपल्याकडे रंग बदलते ते भात. हळवे, म्हणजे लवकर पिकणारे भात दसऱ्याच्या आगेमागे कापून झाले, मधल्या मुदतीचे निमगरवे आता पिवळेधमक झाले आहे आणि खालच्या ओलाव्याच्या मळ्यांतील उशिरा पिकणारे गरवे अजून हिरवट आहे. त्यामुळे बांधावर उभे राहिले की एकाच उतारावर तीन रंग एकाखाली एक दिसतात. सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे गवतही याच दिवसांत वाळून सोनेरी होते. दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांत हे सारे संपते, म्हणून उशीर करू नये.

जपानही भात पिकवणारा देश असल्यामुळे बाईंना आपले काम परके वाटणार नाही. तिकडे अनेक गावांत कापलेल्या भाताच्या पेंढ्या बांबूच्या आडव्या दांड्यांवर टांगून वाळवण्याची जुनी पद्धत आहे. आपण कापलेले भात शेतातच पसरून उन्हात तापू देतो, मग भारे बांधून खळ्यावर आणतो, झोडतो आणि पेंढ्याची उडवी रचतो. त्यांना हा फरक पाहू द्या, आणि जमल्यास तासभर हातात विळा घेऊ द्या. परतीच्या पावसाची भीती काय असते, हेही त्यांना शेतातच कळेल. दुपारी तीननंतर सह्याद्रीच्या बाजूने आभाळ भरून आले की घरात कोणाचे चहाकडेसुद्धा लक्ष राहत नाही, कारण कापून पडलेले भात भिजले तर दाण्याला मोड येतात आणि चार महिन्यांची मेहनत दोन दिवसांत जाते. शरद ऋतू आम्हाला जसा वाटतो तो असा आहे, नुसता चांदण्याचा नाही.

एक सुचवतो. आपल्याकडे नव्या तांदळाचा भात चिकट होतो, म्हणून रोजच्या जेवणाला जुना तांदूळ पसंत करतात. जपानात मात्र शरदातला नवा तांदूळ ही पर्वणी मानतात आणि तो "शिनमाई" या नावाने वेगळा विकला जातो. तेव्हा बाईंसाठी नव्या तांदळाचा मऊ भात करा आणि वर तूप-मेतकूट द्या. आपण ज्याला उणे समजतो तेच त्यांना आवडीचे वाटेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट (छोटे कडू फळ) फोडण्यापासून ते दूधपोहे, गूळपोहे, तिखट पोहे खाण्यापर्यंत त्यांना घरातल्या माणसासारखे सोबत ठेवा. ते पोहेही नव्या भाताचेच असतात, हे आवर्जून सांगा.

निवृत्त वाहक

मी एसटीत नोकरी केली आहे, त्यामुळे प्रवासाविषयी लिहितो. एखाद्या रविवारी बाईंना एकट्याने जाऊ द्यावे, अशी माझी विनंती आहे. आपण प्रेमापोटी माणसाला एकटे सोडत नाही, आणि पाहुणा त्यामुळेच दमतो. बसच्या पाट्या मराठीत असतात. त्या अंक शिकतच आहेत, तेव्हा जाण्याच्या आणि परतीच्या गावाचे नाव मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून द्यावे, शेवटच्या बसची वेळ आधी चौकशी करून त्याखाली लिहावी आणि सुटे पैसे सोबत द्यावेत. खिडकीजवळ जागा मिळाली की आरेवारेच्या रस्त्याने समुद्र उजवीकडून येतो की डावीकडून, हे त्यांचे त्यांना कळेल.

दोन दिवस मोकळे असतील तर गणपतीपुळ्याला न थांबता मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहावे, जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरावे आणि हेदवी, वेळणेश्वर करत गुहागरला मुक्काम करावा. हा प्रवास एका दिवसात उरकू नये. मुक्कामापूर्वी घरमालकाशी बोलून घ्यावे, कारण परदेशी पाहुणा उतरल्यावर चोवीस तासांत त्याची नोंद प्रशासनाकडे ऑनलाइन करावी लागते आणि लहान घरगुती निवासांना त्याची सवय असतेच असे नाही. मूळ पारपत्र जवळ असावे. (आपण स्वतः घर दिले आहे, तेव्हा आपलीही नोंद झाली असेलच.) गणपतीपुळ्याच्या समुद्रात मात्र त्यांना पोहू देऊ नका. तिथला तळ एकाएकी खोल होतो आणि तेथे अनेकांचे जीव गेले आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत "आवडेल तेथे प्रवास" योजनेचा चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो, पण त्या दिवसांत मुंबईकरांची गर्दी असते. त्यापेक्षा तुळशीच्या लग्नानंतरचा आठवडा निवडावा. कार्तिकात सिंधुदुर्गातील देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार चालतो. रेल्वेने कुडाळला उतरावे, मात्र कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरमध्ये संपून गाड्यांच्या वेळा बदलतात, हे ध्यानात ठेवावे.

जांभा

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. मी एका दुपारची भर घालतो. थिबा राजवाडा आपण शाळेच्या सहलीत पाहतो आणि विसरतो, पण दूरदेशी राहणाऱ्या माणसाला तो वेगळा दिसेल. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले, १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले आणि राजवाडा बांधून होईपर्यंत १९१० साल उजाडले. त्या घरात राजा जेमतेम सहा वर्षे राहिला. १९१६ च्या डिसेंबरात तो येथेच वारला आणि त्याची समाधीही याच गावात आहे. त्याची एक नात मात्र रत्नागिरीतच संसार करून राहिली आणि तिची बोलीही मराठीच झाली. बाईंना हे सांगताना घाई करू नये. राजवाडा पाहून झाल्यावर थिबा पॉईंटवर बसावे आणि भाट्याच्या खाडीवर दिवस मावळू द्यावा.

सड्यावरची कातळशिल्पे पाहण्याचा काळही आता सुरू होतो, कारण पावसाळ्यात जांभ्यावर पाणी आणि गवत असते. उक्षीचा हत्ती रत्नागिरीपासून फार लांब नाही. कशेळीला तर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला असून त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. कोकणातील ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कातळ भयंकर तापतो, म्हणून सकाळी नऊच्या आत पाहून परतावे. पायांत बूट असावेत आणि शिल्पाच्या रेषांवर कोणीही पाय ठेवू नये.

मिरकरवाड्याशेजारची

माशांचा प्रश्न इतका अवघड नाही, ताई. आपल्या घरात शिजवायला नको आणि त्यांना भीडही पडायला नको. एखाद्या सकाळी मिरकरवाडा बंदरात होड्या लागतात तेव्हा त्यांना घेऊन या. टोपल्या उतरताना, भाव फोडताना आणि बर्फ भरताना पाहून त्या खूश होतील. मग आमच्यासारख्या कोणाच्या घरी त्यांना जेवायला पाठवा, तुम्ही सोबत नसलात तरी चालेल. बांगडा त्यांच्याकडेही आवडीने खातात, पण मीठ लावून भाजलेला. तो आधी तसाच भाजून द्यावा आणि मग आपले तिरफळ घातलेले कालवण वाढावे. सुक्या लहान माशांचा अर्क काढून त्या सार करतात, तेव्हा आपली सुकट पाहून त्या नक्की ओळखतील.

मांडवीकर

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. मी त्यांना नव्या तांदळाविषयी सांगितले, तेव्हा "शिनमाई" हा शब्द माझ्या तोंडून ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. या शनिवारी थिबा राजवाडा ठरवला आहे. नोंद मुलाने पहिल्याच दिवशी केली होती. मिरकरवाड्याच्या ताईंना मी वेगळा निरोप पाठवला आहे. सासूबाईंनी स्वतःच "त्यांना मासे खाऊ दे, आपण का अडवायचे?" असे म्हटल्यामुळे माझ्या मनावरचे ओझे उतरले. शेतकरी दादा, आमची स्वतःची शेती आता राहिलेली नाही. या रविवारी आपल्याकडे कापणी असेल तर आम्ही दोघींनी यावे का?

लांज्याकडचा शेतकरी

अवश्य यावे. निमगरव्याचे दोन मळे राहिले आहेत. उन्हे चढण्यापूर्वी, सात वाजेपर्यंत पोचावे. भाताची पाती हाताला कापतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्याला टोपी असावी. न्याहरीला भाकरी आणि चिबूड असेल. छायाचित्रे कोणी काढणार नाही, हे घरात सांगून ठेवतो. पाऊस आला तर मात्र त्या दिवशी पाहुणचार राहील बाजूला, आणि त्यांनाही आमच्याबरोबर भारे उचलून पडवीत टाकावे लागतील.