बाल्कनीत सांबारचे छोटे कांदे लावायचेत, सल्ला हवा (नेरूळ)

नेरूळ_बाल्कनी: सांबारात घालतात ते छोटे कांदे घरी लावायचे आहेत. बाल्कनी पूर्वेची, ऊन साधारण अकरापर्यंत. बजेट ५०० रुपये, माती-कुंडी सगळं धरून. बी आणू की कांदेच लावू? पाऊस ओसरला की सुरुवात करेन.

घोडबंदरकर: चांगल्या ग्रोबॅग आणि ठिबकचा किट घ्या. माझं टायमरसकट तीन हजारांत झालं. गावाला गेलो तरी झाडांची काळजी नाही. एकदाच काय ते पैसे टाका.

वाशीची_माई: अहो, तिने पाचशे म्हटलंय! बाळा, बी नको, कांदाच लाव. बाजारातून घट्ट, कोरडा बघून आण. मुळाची बाजू खाली, शेंडा मातीबाहेर दिसेल इतकाच दाबायचा. पुरा गाडलास तर कुजतो. दोन कांद्यांत चार बोटं अंतर ठेव. एकाच्या जागी चार-सहांचा झुबका येतो. कुंडी वीतभर खोल पुरे, पण पसरट हवी.

कोपरी_ठाणे: ऑनलाइन बी अजिबात मागवू नका. पाकिटावर छोट्या कांद्यांचं चित्र होतं, उगवलं भलतंच. विकणारा फोन उचलत नाही. पैसे गेले ते गेले, हंगामही गेला.

खारघर_गच्ची: छोटा कशाला, अलिबागचा पांढरा लावा. २०२२ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाला मिळतं ते भौगोलिक मानांकन, मिळालंय त्याला. गोडवा असा की नुसता भाकरीबरोबर खावा.

वाशीची_माई: तो भात काढल्यावर तिथल्या जमिनीत होतो. कुंडीत ती चव कुठली? आणि सांबारात पांढरा कांदा?

खारघर_गच्ची: आमच्याकडे सांबारात तोच असतो. आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही.

कळवा_रोपवेडा: मूळ प्रश्न उन्हाचा आहे. कांदा पोसायला रोज सहा तास तरी कडक ऊन लागतं. अकरापर्यंतच्या उन्हात पात येईल, कांदे बारीक राहतील. गच्ची मिळते का बघा. मातीत गांडूळखत चालेल, युरिया नको, नाहीतर पातच माजते. पातीवर चंदेरी चट्टे दिसले की फुलकिडे समजा. ते आतल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात बसतात, तिथे निंबोळी तेल पोचलं पाहिजे. फवारणी संध्याकाळी करा. दोन-अडीच महिन्यांनी पात पिवळी पडून माना टाकेल, तेव्हा पाणी बंद. काढल्यावर धुवू नका, सावलीत सुकवा.

घोडबंदरकर: ठिबक असलं की पाणी बंद करायला एक बटण.

कोपरी_ठाणे: माईंचं बरोबर आहे. बी नकोच.

नेरूळ_बाल्कनी: सगळ्यांचे मनापासून आभार. सोसायटी गच्चीची किल्ली देत नाही, विचारून झालं. म्हणून कांद्यांचा नाद सोडला, पातीसाठीच लावते. मासळीवाल्या मावशींनी थर्माकोलचा खोका फुकट दिलाय, तळाला भोकं पाडून धुऊन ठेवलाय. पाव किलो कांदे आणि मातीची पिशवी, बास. सांबारचे कांदे विकतच आणेन.

वाशीची_माई: पात मुळापासून उपटू नकोस हो. दोन बोटं ठेवून काप, परत फुटते.

खारघर_गच्ची: पातीसाठीच लावताय तर अलिबागचाच लावा.