दोन वर्षं सूर्य मंदावला तर बेळगाव जिल्हा काय खाईल?

खानापूरकर (चर्चेची सुरुवात)

मानवजात कशाने संपेल असा विषय निघाला की सगळे उल्केवर घसरतात. त्या बाबतीत माणूस निदान हातपाय हलवतोय. २०२२ साली नासाने डायमॉर्फस नावाच्या लहान अवकाशी दगडावर यान आदळवलं आणि त्याची मोठ्या दगडाभोवतीची फेरी ३२ मिनिटांनी कमी केली. अपोफिस नावाचा दुसरा मोठा दगड १३ एप्रिल २०२९ ला सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाईल, आदळणार नाही.

खरी भीती आहे ती मळकट आभाळाची. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. १९९१ चा पिनाटुबो त्याच्यापुढे किरकोळ, तरी जगाचं तापमान साधारण अर्धा अंश उतरलं. अणुयुद्धात शहरं पेटली तर काजळी ढगांच्याही वर जाते. तिथे पाऊस नाही, म्हणजे धुवून निघायची सोय नाही. ती वर्षानुवर्षं तरंगते. जमीन कमी तापली की मोसमी वारा ढिला पडतो. भात पोटरीत (लोंबी अजून पानाच्या आवरणात) असताना रात्रीचा पारा १५ ते १८ अंशांवर उतरला तर परागकण वांझ होतात. लोंबी बाहेर येते, दाणा भरत नाही.

म्हणून माझं म्हणणं, जिल्ह्याने एका वर्षाचं धान्य बाजूला ठेवावं. २०११ ची लोकसंख्या ४७.८ लाख. लहानथोर मिळून माणशी रोज ४०० ग्रॅम धरा, वर्षाला १४६ किलो. एकूण सुमारे ७ लाख टन, म्हणजे ५० किलोची १ कोटी ४० लाख पोती. केंद्राच्या रेशनचे माणशी महिन्याला ५ किलो म्हणजे वर्षाचे ६०, निम्म्यालाही पुरत नाहीत.

अथणीचा शाळू

हिशेब बरोबर हाय, खरं ही पोती ठेवणार कुठे? आणि किती दिवस?

जुन्या लोकांची पद्धत पेवाची. कठीण मुरमात तोंडाला अरुंद, पोटाला रुंद खड्डा, आतून कडब्याचा जाड थर, वर दगड ठेवून माती लिंपायची. आत जोंधळा श्वास घेतो, ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे मरतात. औषधाची गरज नाही. तोच वायू माणसालाही मारतो. पेव उघडलं की आधी बराच वेळ हवा खेळू द्यायची, मग दोरीने कंदील आत सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. पेटता राहिला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं पाहिजेतच.

आता अडचण बघा. पेवातला जोंधळा खायला चालतो, पेरायला भरवशाचा राहत नाही, उगवण पडते. म्हणजे बियाणं वेगळंच ठेवावं लागतं. दुसरं, उसाच्या पाण्याने नदीकाठच्या जमिनी ओलावल्यात. तिथे पेव खणलं की खाली पाझर. तुमच्या खानापुरात तर पावसामुळे पेवाचं नावच नको. तिथे नाचणा साठवा, त्याला कीड जवळजवळ लागत नाही.

टिळकवाडीचा शंकासुर

तुम्ही दोन गोष्टींची मिसळ करताय. माणसं मरणं वेगळं आणि माणूसजात संपणं वेगळं. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी इंडोनेशियातलाच टोबा ज्वालामुखी फुटला, तांबोराच्या कितीतरी पट मोठा. आंध्रातल्या ज्वालापुरमला त्या राखेच्या थराखालीही दगडी हत्यारं सापडली आणि वरही, घडण बरीच तशीच. तेव्हा ना गोदाम होतं ना रेशनकार्ड.

उरला प्रश्न उपासमारीचा. १८७६-७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी होरपळले तेव्हा देशातून धान्याची निर्यात चालू होती, आणि या भागात रेल्वे पोचली नव्हती. नंतर सदर्न मराठा रेल्वे टाकली ती दुष्काळाचाच विचार करून. जगवते ती वाहतूक आणि हातातला पैसा. ३० रुपये किलोने ७ लाख टनांचे २१०० कोटी होतात. ते अडकवून उंदीर पोसायचे?

खानापूरकर

शंकासुर, एका मुलखात पीक बुडालं तर रेल्वे उपयोगाची. सगळीकडे एकदम बुडालं तर गाडी भरायची कुठून? मे २०२२ मध्ये गव्हाची आणि जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात आपल्याच सरकारने बंद केली. तेही आभाळ स्वच्छ असताना.

पैसे अडकतात हे मान्य. पण माल फिरता ठेवायचा: दरवर्षी तिसरा हिस्सा रेशनला काढायचा आणि तेवढाच नवा भरायचा.

८६५ गावं

आधी ठरवा, ही पोती कर्नाटक भरणार की महाराष्ट्र? सीमाप्रश्नाच्या खटल्यात कोर्टात २००४ पासून तारखा चालूच आहेत, काजळी बसेपर्यंत निकाल लागेल. 😄

वडगाव फीडर

धान्य दूरची गोष्ट, सौरवादळाने वीज गेली तर चौथ्या दिवशी पाणी संपेल त्याचं बोला. सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आलं होतं. १३ मार्च १९८९ ला तुलनेने लहान वादळाने कॅनडातलं क्युबेक नऊ तास अंधारात गेलं. अशा वेळी जमिनीतून जवळजवळ डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून, म्हणजे जमिनीला जोडलेल्या टोकातून, आत शिरतो, लोखंडी गाभा संपृक्त होतो (त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही), वाइंडिंग म्हणजे आतली तारेची गुंडाळी तापून जळते. मोठा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही, ऑर्डर दिल्यावर बनतो.

आपण विषुववृत्ताजवळ, म्हणून थेट मार कमी. पण जुलै २०१२ मध्ये उत्तरेचं ग्रिड (विजेचं जाळं) कोसळलं तेव्हा दक्षिण वेगळं होतं म्हणून वाचलं. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाइनने दोन्ही जोडली गेली. आता तो आडोसा नाही. हिडकल धरणाचं पाणी शहरात पंपाने येतं, बोअरची मोटरही विजेवरच.

म्हणून आधी गल्लीतल्या जुन्या विहिरी उपसा. ३ मीटर व्यासाची, ४ मीटर पाण्याची विहीर म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅमने ७० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. बादलीत लगदा करून पाणी घाला, दहा मिनिटं निवळू द्या, फक्त वरची निवळी विहिरीत सोडून ढवळा. खालचा चुना टाकू नका, पाणी जड होतं. तासाने वापरा. पावडर ताजी हवी. दमट खोलीत उघडी राहिली तर क्लोरीन उडून नुसता चुना उरतो.

शंकासुर

विहिरींचं पटलं. यात निदान २१०० कोटी नाहीत.

अथणीचा शाळू

खानापूरकर, गोदाम होईल तेव्हा होईल, बियाणं तरी आत्ता ठेवा. ओल बघायला यंत्र लागत नाही. काचेच्या कोरड्या बाटलीत एक मूठ दाणे आणि चमचाभर तव्यावर भाजून कोरडं केलेलं मीठ घाला, झाकण लावून हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला, परत उन्हात टाका.