मदत हवी आहे : मुलांच्या फिल्म ओपनिंग्जवर फीडबॅक कसा लिहायचा? (अर्जंट)

खडूफळा
उद्यापर्यंत सगळ्या ग्रुप्सना लेखी फीडबॅक द्यायचाय आणि मी दुपारपासून तीच तीच ओपनिंग्ज बघत बसलेय. सहा आहेत. दोन बऱ्या, तीन ठीकठाक आणि एक इतकी गोंधळाची की कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये. लिहायला बसलं की एकतर "छान प्रयत्न, कॅमेरावर्क सुधारता येईल" असलं मिळमिळीत काहीतरी उमटतं, नाहीतर दोन पानी चुकांची यादी होते जी वाचून पोरं परत कॅमेऱ्याला हात लावणार नाहीत. वरून आदेश आहे की फीडबॅक "कन्स्ट्रक्टिव्ह" हवा, म्हणजे नक्की कसा ते सांगायला कोणी नाही. कोणाकडे तयार फॉरमॅट असेल तर टाका प्लीज. नेटवरचे गुणांचे तक्ते नकोत, ते सगळे बघून झालेत.

निशाचर
किती मिनिटांच्या शॉर्ट फिल्म्स आहेत? विषय काय दिला होता? मुलं केवढी आहेत?

स्पष्टवक्ती
फॉरमॅट-बिरमॅट काही लागत नाही. जे खटकलं ते सरळ सांगायचं. आमच्या वेळी सर पाचव्या सेकंदाला पॉज करून "हा शॉट का आहे?" विचारायचे आणि उत्तर आलं नाही की पुढे बघायचेच नाहीत. त्यातूनच शिकलो. हल्ली सगळ्यांना गोंजारायचं फॅड आलंय.

खडूफळा
@निशाचर शॉर्ट फिल्म नाहीत हो, ओपनिंग लिहिलंय ना. पिक्चरची पहिली दोन मिनिटं, टायटल्ससकट. पुढचा पिक्चर बनवायचाच नाहीये. मुलं सोळा-सतराची.

गप्पिष्ट
एडिटिंगसाठी दाविंची रिझॉल्व्ह वापरायला सांगा, फ्री व्हर्जन आहे आणि शाळेच्या कामाला पुरून उरतं. कलर पण त्यातच होतो. फक्त कॉम्प्युटर बरा लागतो, जुन्या लॅपटॉपवर रडवतं. मी आधी दुसरं वापरायचो, त्यात एक्स्पोर्टला वॉटरमार्क यायचा म्हणून सोडलं.

खडूफळा
@गप्पिष्ट एडिटिंग कशात करायचं हा प्रश्नच नाहीये.

साउंडचा_माणूस
न बघता सांगतो, सहाच्या सहा ओपनिंग्जमध्ये आवाजाची बोंब असणार. मोबाईलचा माइक बोलणाऱ्यापासून चार हात लांब, वाऱ्याचा फरफराट आणि तो झाकायला पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत एकच म्युझिक ट्रॅक. बरोबर ना? एकदा डोळे मिटून नुसतं ऐका, मग आवाज बंद करून नुसतं बघा. अर्धा फीडबॅक तिथेच तयार होतो. दोन शॉट्सच्या मध्ये मागचा आवाज टपकन तुटतोय का ते बघा. त्यावर उपाय सोपाय, त्याच जागेचा नुसता शांततेचा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून सगळ्या सीनखाली पसरायचा.

टायटलवेडा
आवाज वगैरे ठीक आहे पण ओपनिंगचा जीव टायटल्समध्ये असतो आणि तिकडे कोणी बघतच नाही. टायटल डिझायनर सॉल बासने १९५५ च्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'पासून १९६० च्या 'सायको'पर्यंत जे करून ठेवलंय ते मुलांना दाखवा आधी. नुसत्या रेघा सरकतात आणि आपण खुर्चीच्या टोकावर येतो. मुलं काय करतात, सगळं शूट करून झालं की शेवटच्या रात्री रक्ताळलेला फॉन्ट चिकटवतात. त्यांना विचारा, हा फॉन्ट का, नाव याच शॉटवर का, फ्रेममधल्या या जागी का. आणि प्रत्येक नाव मनातल्या मनात दोनदा वाचून होईपर्यंत स्क्रीनवर राहायला हवं, तेवढं तरी बघा.

स्पष्टवक्ती
सॉल बास त्या पोरांना झेपणार आहे का? तेव्हा जवळपास सगळी श्रेयनामावली सुरुवातीलाच यायची म्हणून तेवढा वेळ मिळायचा, आता बहुतेक नावं शेवटी जातात.

टायटलवेडा
हो पण इथे टायटल्स असायलाच हव्यात असं धागाकर्तीने लिहिलंय, वाचा जरा वर.

जुना_संकलक
टायटल्सचं भांडण बाजूला ठेवा जरा. @खडूफळा तीन गोष्टी सांगा, त्याशिवाय उत्तर देण्यात अर्थ नाही. हे फायनल आहे की रफ कट? तुमच्या फीडबॅकनंतर मुलांना बदल करता येणार आहेत का? आणि मार्क तुम्हीच देणार आहात का?

पडद्यामागची
लिझ लर्मन नावाच्या एक नृत्यदिग्दर्शिका आहेत, त्यांची चार पायऱ्यांची पद्धत आहे आणि नाटकवाले, लिहिणारे सगळे वापरतात. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग बनवणारा प्रश्न विचारतो. मग बघणारे प्रश्न विचारतात, पण असे की ज्यात मत दडलेलं नसेल. "एवढा अंधार का ठेवलाय?" हा प्रश्न नाही, तो टोमणा आहे. "या सीनमध्ये प्रकाश कसा असावा असं ठरवलं होतं?" हा प्रश्न. आणि मत सगळ्यात शेवटी, तेही "मला याबद्दल मत आहे, ऐकायचंय का?" असं विचारून. समोरचा नको म्हणू शकतो.

स्पष्टवक्ती
म्हणजे पोरगं नको म्हणालं की अंधारातला शॉट अंधारातच राहणार. वा.

पडद्यामागची
नको कोणीच म्हणत नाही हो. विचारलं की ऐकायला तयार होतात एवढाच मुद्दा आहे. तुमच्या सरांनी पॉज केल्यावर किती जणांनी नंतर काही बनवलं?

स्पष्टवक्ती
मी बनवतेय अजून. तुमचं सांगा.

निशाचर
धाग्याचं मैदान झालं. मी आपला बाजूला बसून वाचतोय.

मधलीसुट्टी
माझा अनुभव सांगते. दोन्ही टोकं सोडा, "मला काय दिसलं" एवढंच लिहायचं. म्हणजे "०:३५ ला मला वाटलं की ती मुलगी घाबरलीये, पण ०:४१ ला ती हसली तेव्हा मी गोंधळले." बस. चूक-बरोबर काही म्हणायचंच नाही. त्यांना घाबरलेलीच दाखवायची असेल तर काय करायचं ते त्यांना कळतं. प्रत्येक वाक्यात टाइम लिहायचा, "काही शॉट्स हलतात" असं मोघम लिहिलं की मुलं म्हणतात आमचे नाही हलत. शॉट्स हलत असतील तर मात्र सरळ सांगा, तो शॉट ट्रायपॉडवर परत घ्या, नसेल तर कोपरं भिंतीला टेकवून घ्या, मागून उजेड येत असेल तर जागा बदला, आणि क्लोजअप हमखास कमी पडतात तेव्हा हातांचे, वस्तूंचे चारपाच जास्तीचे घेऊन ठेवा...

खडूफळा
परत शूट करता येणार नाहीये कोणालाच. कॅमेरे जमा झालेत आणि एका ग्रुपच्या हिरोने केस कापलेत. रफ कट आहेत, फक्त एडिटमध्ये काय होईल ते होईल. मार्क मी देणार नाही, दुसऱ्या मॅडम देणार.

मधलीसुट्टी
अगं हे आधी सांगायचंस ना, मी मघापासून ट्रायपॉड ट्रायपॉड करतेय.

परीक्षक_नाही
मार्क कोणीही देवोत, हे बोर्डाच्या परीक्षेत जाणारं काम असेल तर शिक्षकांनी किती सांगायचं त्याचे नियम आधी बघा. केंब्रिजच्या ए एस (साधारण अकरावीच्या) मीडिया स्टडीजमध्ये अगदी हेच असतं, नव्या फिक्शन फिल्मचं टायटल्ससकट ओपनिंग, जास्तीत जास्त दोन मिनिटं. तसल्या कामात "हा शॉट काढ, तो इथे लाव" असं लिहिलं तर एडिट तुमची झाली, मुलांची नाही. प्रश्न विचारून थांबलेलं बरं. आणि म्युझिक कुठून घेतलंय ते नक्की विचारा, आवडतं गाणं उचलून लावलेलं असतं हमखास.

खडूफळा
बोर्डाचं नाहीये, वर्गातलंच आहे.

जुना_संकलक
हे झालं की मग काम सोपं आहे. जे एडिटच्या टेबलावर सुटत नाही ते लिहूच नका. ॲक्टिंग कच्ची आहे, लोकेशन बोअर आहे, लाइट सपाट आहे, खरं असलं तरी आता उपयोग शून्य, नुसतं मन खट्टू होणार. लांबी, क्रम, आवाज, टायटल्स, थोडाफार कलर, एवढंच तुमच्या हातात आहे. आणि एका ग्रुपला तीन मुद्द्यांच्या वर नाही. पहिला मुद्दा जे जमलंय त्याचा, पण "छान" म्हणू नका, काय जमलं ते नेमकं लिहा. नाहीतर एडिट करताना मुलं तेच आधी कापतात, मी पाहिलंय.
ती गोंधळाची कुठली म्हणताय तिच्यात काय काय होतं ते क्रमाने सांगा बरं.

खडूफळा
अलार्म वाजतो, मुलगा उठतो, दात घासतो, आरशात बघतो, बूट घालतो. मग रस्त्यावर हुडीवाला मागे लागतो. मग मुलगा पळतो, अचानक तो खुर्चीला बांधलेला, मग मारामारी, मग हुडीवाल्याचा चेहरा दिसतो तर तो त्याचाच भाऊ. मग काळी स्क्रीन आणि पिक्चरचं नाव. एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद. पळताना मुलगा एकदा डावीकडून उजवीकडे जातो आणि पुढच्या शॉटमध्ये उलटा परत येतो.

निशाचर
हा पिक्चर मी बघेन.

जुना_संकलक
हे ओपनिंग नाही, ट्रेलर आहे. अख्खी गोष्ट दोन मिनिटांत सांगून टाकली, भाऊसुद्धा उघड केला, आता थिएटरमध्ये कोण बसणार. पण "हे ट्रेलर झालंय" असं लिहिलंत की पोरं खचतील. त्याऐवजी विचारा, "दोन मिनिटं संपली तेव्हा प्रेक्षकाच्या डोक्यात कुठला प्रश्न राहायला हवा?" मग दुसरा, "तो प्रश्न तुमच्या कटमध्ये कितव्या सेकंदाला उभा राहतो आणि कितव्याला त्याचं उत्तर मिळून जातं?" कागदावर दोन आकडे मांडले की त्यांचं त्यांनाच दिसेल. माझा अंदाज, दात घासणं जाईल, भाऊ जाईल, पळण्याला श्वास घ्यायला जागा मिळेल आणि ती मोकळी झालेली जागा टायटल्सना वापरता येईल.
दिशेचं म्हणाल तर तो कॅमेरा पळण्याच्या वाटेवरच्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे गेल्याचा प्रकार आहे. दोन शॉट्सच्या मध्ये बुटांचा किंवा चेहऱ्याचा समोरून घेतलेला क्लोजअप घुसवला की उडी खुपत नाही. असा क्लोजअप नसेल तर दुसरा शॉट आडवा फ्लिप करायचा, पळणारा परत सरळ दिशेने पळायला लागतो.

साउंडचा_माणूस
आणि अलार्म ठेवायचाच असेल तर काळ्या स्क्रीनवर नुसता आवाज ठेवा, टायटल्सच्या खाली. दृश्याची गरज नाही. मुलगा उठलेला दाखवायलाच हवा असं कोणी सांगितलंय?

टायटलवेडा
साउंडवाल्यांशी पहिल्यांदा सहमत.

स्पष्टवक्ती
मी पण हेच म्हणत होते. "हा शॉट का आहे" आणि "तो प्रश्न कितव्या सेकंदाला" यात फरक काय?

पडद्यामागची
पहिल्यात पोराला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं, दुसऱ्यात तो घरी जाऊन मोजतो.

गप्पिष्ट
मोजायला टाइमलाइनवर मार्कर टाका, रिझॉल्व्हमध्ये एम दाबला की पडतो. त्यात टिपणी पण लिहिता येते.

खडूफळा
@गप्पिष्ट हे कामाचं आहे, थँक्यू. @जुना_संकलक त्या ग्रुपला लिहिलं एकदाचं: "मागून येणाऱ्याचे फक्त पाय दाखवलेत (०:४८) ते मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटलं, चेहरा दिसल्यावर भीती गेली. दोन मिनिटं संपली तेव्हा आमच्या मनात कुठला प्रश्न राहायला हवाय? तो प्रश्न कितव्या सेकंदाला येतो आणि कितव्याला सुटतो ते मोजून आणा. पळण्याच्या दोन शॉट्सची दिशा तपासा." बाकी पाच रात्रीत होतील. मात्र फ्लिप मी सहज करून बघितला, तर त्याच्या टीशर्टवरची अक्षरं उलटी दिसतायत.

जुना_संकलक
मग शॉट थोडा झूम करून फ्रेम खांद्याच्या वर घ्या. फोर केमध्ये (फुल एचडीच्या दुप्पट रुंदी-उंचीत) शूट केलं असेल आणि फुल एचडीत एक्स्पोर्ट करणार असाल तर दुपटीपर्यंत झूम केलं तरी फाटणार नाही. कशात शूट केलंय?

खडूफळा
ते विचारावं लागेल.