अनुभव धागा: तुमच्या घरातली वस्तू आणि तिची गोष्ट

परवा ठाण्यात एका बाईंचा एकपात्री प्रयोग पाहिला. नेपथ्य म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त डॉ. लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं उभी करायचे; इथे दोनच, आजी आणि नात. कीर्तनासारखा पूर्वरंग नाही, थेट आख्यान. बाईंनी अडकित्ता काढला आणि आजीनं सख्ख्या भावाशी बोलणं का टाकलं, ते सांगता सांगता सुपारी कातरत राहिल्या. अडकित्ता थांबला की समजायचं, यापुढचं आजीनं कधी सांगितलं नाही. शेवटी मात्र पार्श्वसंगीत घुसलं. बासरी कशाला हवी होती? सुपारीचा आवाज पुरे होता.

तर तुमच्याकडे असं काय आहे? किंमत नको, त्या वस्तूवरून घरात काय बोललं जातं ते लिहा.

नौपाडा
आमचं सगळ्यात जुनं पितळी पातेलं आमचं नाहीच! काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, ते आडनाव आमच्या नात्यागोत्यात कुणाचं नाही. पूर्वी कार्याला शेजारपाजारची भांडी आणत. पंगती उठल्या की घाईत अदलाबदल व्हायची. पातेलं कुणाचं, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. "त्यांनी आमचं आणून द्यावं, मग मी त्यांचं देते," यावर दोन्ही घरं अडून बसली, ती चाळ पडेपर्यंत. आता कल्हईवाला नाव वाचून मला त्याच आडनावानं हाक मारतो. मी ओ देतो.

पाचपाखाडी
आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या वन बीएचकेत जातं कुठे ठेवणार? भावंडांच्या ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्यांनी बदाम पाठवले, न्यायला कुणी आलं नाही. सध्या त्यावर तुळशीची कुंडी आहे. प्रयोग बघून रडणाऱ्यांनी एकेक जातं घरी न्यावं, ही नम्र विनंती.

घणसोली
आमच्याकडे ट्रंक नाही, दागिने नाहीत. भातखाचरं नवी मुंबईत गेली. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे शेत मी फक्त ऐकलंय, तेही आजीच्या धवल्यांतून, म्हणजे लग्नातल्या गाण्यांतून. आजी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात तिच्याशिवाय पान हलत नसे. मांडव, हळद, प्रत्येक विधीला तिचं गाणं. वहीत एक ओळ नाही, सगळं तोंडपाठ. आता थोडंफार आत्याला येतं. मोबाईल पुढे धरला की ती तोंड फिरवते. म्हणते, "कुनाला तरी हलद लागू दे, मंग मना बोलव." घरात लग्नाचा एकच उरलाय, धाकटा भाऊ, आणि तो कोर्टात जाऊन सही करायचं म्हणतोय. त्याला समजवायला कुणी येतंय का?

वाशी
कुलदैवतांचे चांदीचे टाक थोरल्या काकांकडे राहिले. आम्ही इकडे आलो तेव्हा बाबांनी नवे घडवून घेतले. जुन्यांवरचे चेहरे हात लागून लागून पुसट झालेत. नव्या खंडोबाच्या मिशांचा केस न केस दिसतो. आई रोज पूजा करते आणि रोज म्हणते, "खरे देव तिकडे." मग बाबा सोनाराची पावती काढून दाखवतात.