डिस्क 98% दिसली की नवी डिस्क मागवायची, हे आता पुरे

रात्रपाळी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमचा रात्रीचा हिशेब जुळवायचा जॉब दोन तासांवरून पाच तासांवर गेला. कोणीतरी आयओस्टॅट (डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणारी लिनक्स कमांड) लावला, %यूटिलच्या (डिस्क किती टक्के वेळ कामात होती) रकान्यात 98 दिसले आणि निकाल तिथेच लागला: डिस्क कमी पडतेय. आणखी तशाच एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क आल्या, रेड 10 (अनेक डिस्क एकत्र जोडायची रचना) झालं, जॉब मात्र पाच तासांचा पाच तासच.

उत्तर त्याच आउटपुटमध्ये छापलेलं होतं. सेकंदाला साधारण 2,450 राइट्स, प्रत्येकाला 0.4 मिलिसेकंद. गुणाकार 0.98. म्हणजे डिस्कपुढे सरासरी एकच रिक्वेस्ट उभी. वीस खिडक्यांच्या तिकीटघरात एकच माणूस तिकीट घेतो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो. %यूटिल एवढंच सांगतं की एक तरी खिडकी सतत चालू होती. बाकीच्या एकोणीस रिकाम्या आहेत हे त्याला कळत नाही, आणि त्याच्या मॅन पेजवरही (कमांडच्या माहितीपानावर) ही कबुली दिलेली आहे.

मूळ दुखणं: अपग्रेडनंतर ऑटोकमिट (प्रत्येक ओळ लगेच कायम करणं) चालू झालं होतं, दर ओळीला एक एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का होईपर्यंत थांबणं. 500 ओळींमागे एक कमिट केल्यावर जॉब दोन तासांच्या आत आला.

माझं मत: शोध ॲप्लिकेशनपासून सुरू करा. ते कुठे ताटकळतंय ते बघा, मग खाली उतरा. डिस्कचे आकडे शेवटी.

जुनाट_ॲडमिन

असहमत. जो आकडा तुम्हाला वाचता आला नाही त्याला खोटं ठरवताय. गुणाकार तुम्ही आयओस्टॅटच्याच आकड्यांचा केलात ना? मग डिस्कपासून सुरुवात केल्याने बिघडलं काय? बिघडलं ते एकाच रकान्यावर थांबल्याने.

आणि फिरत्या डिस्क अजून मेलेल्या नाहीत. 7,200 आरपीएमवर एक फेरी 8.33 मिलिसेकंदांची, सरासरी अर्धी फेरी वाट पाहण्यात जाते, वर हेड हलवायचा वेळ. अशी डिस्क विखुरलेल्या रीड्स सेकंदाला शंभराच्या आसपासच देते. एकट्या डिस्कवर 98% दिसले तर ते 98% च असतात.

आता माझी गोष्ट ऐका. एका सर्व्हरवर राइटचा अवेट (एका रिक्वेस्टला लागणारा सरासरी वेळ) एका दुपारी अर्ध्या मिलिसेकंदावरून थेट 15 वर. ॲप्लिकेशनवाले दोन दिवस क्वेरी प्लॅन चाळत बसले. रेड कंट्रोलरची बॅटरी गेली होती, त्यामुळे त्याने राइट-बॅक (मेमरीत घेऊन लगेच 'झालं' म्हणणं) बंद करून राइट-थ्रू (डिस्कवर पोचल्यावरच 'झालं' म्हणणं) धरलं होतं. त्यात रेड 5. छोट्या राइटला जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायची जोडमाहिती) वाच, मग दोन्ही लिही, असे चार फेरे. वरून खाली आलात तर "कमिट हळू आहे" एवढंच कळतं. का, ते खालीच कळतं.

रात्रपाळी

बॅटरीचं मान्य. पण तुमच्याकडे कालचा आकडा होता म्हणून 15 खटकला. ज्याच्याकडे जुनी नोंदच नाही त्याने काय करायचं?

जुनाट_ॲडमिन

सार (सिस्टिमचे आकडे नोंदवून ठेवणारं टूल) चालू ठेवायचं. दहा मिनिटांना एक नोंद, फुकट.

डेटाबेसवाली

दोघेही सरासरीवर भांडताय. आमच्याकडे अवेट दीड मिलिसेकंदाच्या आत, %यूटिल 40, आणि तरी लोक ओरडत होते. बायोलेटन्सी (प्रत्येक रिक्वेस्टचा वेळ मोजणारं टूल) लावून हिस्टोग्राम काढला तर दोन उंचवटे: बहुतेक रिक्वेस्ट 0.2 मिलिसेकंदाला, शंभरातल्या चारएक 30 च्या आसपास. त्या चारमध्ये नेमके लॉगचे राइट्स होते आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शन त्यांच्यासाठी थांबत होतं. त्याच व्हॉल्यूमवर बॅकअप मोठमोठ्या ब्लॉक्समध्ये वाचत सुटला होता. ही गोष्ट आयओस्टॅटला दहा जन्मांत दिसली नसती.

@रात्रपाळी, तुमच्या गोष्टीतही एक भोक आहे. एफसिंकला 0.4 मिलिसेकंद लागतात म्हणजे डिस्कच अडथळा होती की! अडलं ते तिच्या रुंदीवर नव्हे, लेटन्सीवर. पॉवर लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तरी हातातला डेटा वाचवायची सोय) असलेली डिस्क घेतली असती तर कॅपॅसिटरच्या भरवशावर तिने फ्लश लगेच मान्य केला असता आणि कोडला हात न लावता जॉब पळाला असता. खरेदी चुकली नाही, काय खरेदी केलं ते चुकलं.

रात्रपाळी

हं. हे लागलं. चार डिस्क मागवताना पॉवर लॉस प्रोटेक्शनचा रकाना कोणी वाचलाच नाही, मीही नाही. तरी दर ओळीला कमिट करणारा कोड तसाच सोडून डिस्कला औषध देणं मला पटत नाही. उद्या ओळी दुप्पट झाल्या की पुन्हा तेच.

नवखा_सर्व्हर

मध्येच विचारतो, राग नसावा. माझ्या मशीनवर टॉपमध्ये (चालू प्रोसेस आणि सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) डब्ल्यूए 40 होता. मग मी लॉग फाइल्स कॉम्प्रेस करायला लावल्या तर तो 3 वर आला. डिस्क सुधारली का?

जुनाट_ॲडमिन

नाही हो. डब्ल्यूए म्हणजे सीपीयूचा रिकामा वेळ, ज्या वेळात कोणाचं तरी आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) बाकी होतं. तुम्ही सीपीयूला दुसरं काम दिलंत, रिकामा वेळ संपला. वाट पाहणारे तेवढेच आहेत, फक्त मोजले जात नाहीत. आणि डीडीने (डेटा कॉपी करायची कमांड) स्पीड मोजायला जाऊ नका. नुसता चालवलात तर तुमची रॅम किती जोरात आहे ते कळेल. फायो (डिस्क मोजायचं टूल) घ्या, डायरेक्ट=1 ठेवा, म्हणजे रॅम मध्ये येत नाही.

रात्रपाळी

@नवखा, प्रॉक फोल्डरमध्ये प्रेशर, त्यात आयओ, प्रोसेस किती टक्के वेळ आयओसाठी ताटकळतात ते. लिनक्स 4.20 पासून आहे. काय दिसतं?

नवखा_सर्व्हर

सम (कोणी तरी अडकलेलं) 62, फुल (सगळेच अडकलेले) 0.50. दहा सेकंदांच्या रकान्यातले.

डेटाबेसवाली

म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ कोणीतरी अडकलेलं आहे, पण सगळे एकदम अडकत नाहीत. गुन्हेगार एखाददुसराच. पिडस्टॅट -डी 1 (प्रोसेसनिहाय डिस्कचे आकडे) चालवा, कमांडच्या नावाआधीचा आयओडिलेचा रकाना बघा.

जुनाट_ॲडमिन

आणि तिथे सगळे शून्य दिसले तर हुरळू नका. कर्नल 5.14 पासून ती मोजणी मुळात बंद असते, सिसिटीएलने (कर्नलची सेटिंग बदलायची कमांड) टास्क डिलेॲक्ट 1 करा आणि मग बघा. बाय द वे, हे सगळं खालूनच चाललंय. ॲप्लिकेशनला अजून कोणी काही विचारलेलं नाही.

रात्रपाळी

प्रेशरचा आकडा डिस्कचा नाही, ताटकळणाऱ्या प्रोसेसचा आहे. उगाच गुण घेऊ नका.

नवखा_सर्व्हर

सगळे शून्यच होते, 1 केल्यावर एकच नाव वर आलं. आमचाच लॉग लिहिणारा प्रोसेस, दर ओळीला सिंक. मागच्या महिन्यात तपासणीसाठी डीबग लेव्हल मीच चालू केली होती.

बॉसना नव्या डिस्कचा मेल सकाळीच गेलाय. पाठवलेला मेल परत घेता येतो का कोणाला माहीत आहे?