विषय: गणपतीचे उरलेले ९४० पौंड आणि शाळेतला खेळ

प्रेषक: खजिनदार
१२ सप्टेंबर २०२५

मंडळी, नमस्कार.

गणेशोत्सवाचा हिशेब पूर्ण झाला. हॉलचं भाडं, प्रसाद, ढोल-ताशांची व्हॅन, सगळं वजा जाता ९४० पौंड शिल्लक आहेत. कार्यकारिणीत सूचना आली, की हे पैसे बर्मिंगहॅममधल्याच, स्मॉल हीथच्या एखाद्या प्राथमिक शाळेला खेळाच्या सामानासाठी द्यावेत. आपली बरीच नवी कुटुंबं तिकडेच राहायला आली आहेत. कुणाची हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: एक सभासद
१३ सप्टेंबर २०२५

खजिनदार काका,

पैसे जरूर द्या. पण मी चार वर्षं तिथल्याच एका शाळेच्या गव्हर्निंग बोर्डावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या शाळेला एकच हॉल आहे. सव्वाअकराला जेवणाची टेबलं मांडायला घेतली, की पीटीचा तास संपतो. मागच्या आठवड्यात मी तिथे बाकावर बसून बघत होते. इयर फोरची एक मुलगी शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होती आणि वळणावर एकदम थांबली. बूट निघाला होता. मोठ्या भावाचा, दोन मापं मोठा, पुढे कागदाचा बोळा कोंबलेला. तिने बोळा पुन्हा नीट बसवला, नाडी आवळली आणि पळाली. शेवटून दुसरी आली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

याच शहरात २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपण घसा बसेपर्यंत अविनाश साबळेच्या नावाने ओरडलो होतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, स्टीपलचेसचं रौप्य, सोनं फक्त पाच शतांश सेकंदांनी हुकलं. पण तो धावपटू म्हणून घडला तो सैन्यात गेल्यावर. गुण त्याचे होतेच, मागे सरकारी आधारही उभा राहिला. तो ज्या अलेक्झांडर स्टेडियममध्ये धावला, त्याच्या नूतनीकरणाला ७ कोटी २० लाख पौंड लागले. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०२३ ला, आपल्या सिटी कौन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे तिजोरीत खडखडाट असल्याचं जाहीर केलं. कौन्सिल टॅक्स जवळपास १० टक्क्यांनी वाढला आणि मुलांसाठीच्या सेवांवर कात्री लागली.

शाळेला खेळासाठी सरकारकडून वेगळा निधी येतो, पीई अँड स्पोर्ट प्रीमियम. लंडन ऑलिंपिकनंतर २०१३ ला सुरू झाला, २०१७ ला दुप्पट होऊन वर्षाला ३२ कोटी पौंडांवर गेला. शाळेच्या वाट्याला १६,००० पौंड, वर इयर वन ते सिक्सच्या दर मुलामागे १० पौंड. तेव्हापासून हा दर तसाच आहे. कोचचा तास आणि पोहायला नेणारी बस मात्र तेव्हाच्या भावात मिळत नाही. शिवाय यात गरिबी मोजलीच जात नाही. सुखवस्तू भागातल्या शाळेलाही तेवढेच, आणि तिथले पालक वरून क्लबची फी भरू शकतात. हे मला अन्यायाचं वाटतं आणि आपल्या खासदारांना आपण ते लिहून कळवायला हवं.

गरिबी मोजणारा निधी आहे तो पुपिल प्रीमियम. प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक पात्र मुलामागे यंदा १,५१५ पौंड. शाळा यातून ब्रेकफास्ट क्लब चालवू शकते, खेळाचा क्लबसुद्धा. पात्रता ठरते ती मुलाची मोफत जेवणासाठी नोंद आहे की नाही यावर. एकदा नोंद झाली, की पुढची सहा वर्षं धरली जाते.

आणि इथेच आपली माणसं मागे राहतात. रिसेप्शन, म्हणजे शाळेचा अगदी पहिला वर्ग, तिथपासून इयर टूपर्यंत सगळ्यांनाच जेवण फुकट असतं, त्यामुळे फॉर्म भरायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. दुसरं कारण व्हिसा. 'पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते वगैरे) घेता येणार नाहीत' असं व्हिसावर लिहिलेलं असतं, म्हणून लोक घाबरतात. पण शाळेतलं मोफत जेवण इमिग्रेशनच्या नियमात पब्लिक फंड्समध्ये येतच नाही. अशा कुटुंबांसाठी लंडनबाहेर मर्यादा आहे ती कर कापून हातात येणाऱ्या वार्षिक २२,७०० पौंडांची, मूल एक असेल तर. दोन किंवा जास्त असतील तर २६,३००. बचत १६,००० च्या वर नसावी. केअरमध्ये, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांच्या देखभालीच्या कामात, असलेल्या एकट्याच्या पगारावर चालणारी कितीतरी घरं यात बसतात.

पात्र असलेल्या सात मुलांची नोंद झाली तर शाळेला वर्षाला १०,६०५ पौंड येतील. म्हणून काका, ९४० तर द्याच, पण एक शनिवारची सकाळही द्या. शाळांमधल्या मुलांची सरकारी गणना २ ऑक्टोबरला आहे. त्याआधी फॉर्म जायला हवेत.

---

प्रेषक: एक नवी सभासद
१४ सप्टेंबर २०२५

ताई, नमस्कार. मी या यादीवर पहिल्यांदाच लिहितेय.

मी केअर व्हिसावर आहे. हे घरी असतात, धाकटा लहान आहे. मोठी यंदा इयर थ्रीमध्ये गेली, म्हणजे फुकट जेवण बंद. मी पोळीभाजीचा डबा देते, तो निम्मा परत येतो, कारण बाकीच्या मुली गरम जेवणाच्या टेबलावर बसतात. हा फॉर्म मला एकदा शाळेतून आला होता. मी घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. आमच्या कामावरच्या एकीने सांगितलं होतं, सही केलीस तर पुढे कायमच्या वास्तव्याच्या वेळी अडवतील. खरंच काही होत नाही ना?

---

प्रेषक: एक सभासद
१४ सप्टेंबर २०२५

काही होत नाही गं. फॉर्म, शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन दाखवायचा कोड) आणि पगाराच्या स्लिपा घेऊन उद्या सकाळी सरळ शाळेच्या ऑफिसात जा. सोबत हवी असेल तर मी येते. तू केलंस तर तुझ्या ओळखीच्या आणखी चार जणी करतील.

---

प्रेषक: खजिनदार
१४ सप्टेंबर २०२५

शनिवार २० तारखेला सकाळी १० वाजता माझ्या घरी. चहा-पोहे आहेत, प्रिंटर आहे. ९४० पौंडांतून आधी बूट घेऊ. मापं शाळेकडून मागवून घ्या.

---

प्रेषक: एक नवी सभासद
१५ सप्टेंबर २०२५

ताई, फॉर्म दिला. ऑफिसातल्या बाईंनी स्लिपांच्या झेरॉक्स काढल्या, दहा मिनिटांत काम झालं. बाहेर पडताना आमच्या शेजारची नायजेरियाची बाई भेटली, तीही केअरमध्येच आहे. तिचा मुलगा इयर टूमध्ये आहे, तिने कधी फॉर्म भरलेला नाही. शनिवारी तिलाही घेऊन येऊ का?