मदत हवी आहे: बोटींच्या इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात नोंदणीकृत शिकाऊ उमेदवार घ्यावेत का?

नमस्कार. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ मासेमारी नौकांची डिझेल इंजिने दुरुस्त करणारा माझा लहान कारखाना असून ठेक्यावरची माणसे धरून आम्ही चौदाजण काम करतो. आजवर मुले ओळखीतून येत, हाताखाली राहून शिकत आणि हात बसला की मुंबईकडे निघून जात. हीच रीत मी योग्य समजत होतो. पण गेल्या वर्षीच्या एका प्रसंगाने माझे मत बदलले.

माझ्याकडे चार वर्षे काम केलेला एक मुलगा इंजिनाच्या आवाजावरून नोझल बिघडले आहे की पंप हे सांगू शकतो. एका मोठ्या कंपनीत तो मुलाखतीला गेला, तेव्हा त्याला कामाविषयी एकही प्रश्न न विचारता फक्त प्रमाणपत्र मागितले गेले आणि ते नसल्यामुळे परत पाठवण्यात आले. मी लेटरहेडवर लिहून दिलेला अनुभवाचा दाखला तिथे कोणी वाचलासुद्धा नाही. चार वर्षे त्याच्याकडून काम करून घेताना त्याच्या हाती काही अधिकृत राहील याची व्यवस्था मी केली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेली दोन मुले रीतसर नोंदणी करून घ्यावीत, असा विचार आहे. एवढ्या लहान आस्थापनेला ते करता येते का, खर्च किती येतो आणि मुदत संपल्यावर त्यांना नोकरीत घेणे बंधनकारक ठरते का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी प्रशिक्षणाचे काम पाहतो. आपल्याला नक्की करता येईल. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाखालील नियमांत २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना उमेदवार घेणे सक्तीचे आहे, तर चार ते एकोणतीस असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. कमाल मर्यादा मनुष्यबळाच्या १५ टक्के असल्यामुळे आपल्या हिशेबात दोन उमेदवार बसतात.

त्याच दुरुस्तीत आयटीआय उत्तीर्णांचे किमान विद्यावेतन महिना ७००० रुपये ठरले होते. करार करण्यापूर्वी चालू दर शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर अवश्य पाहावा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १५०० रुपये वाटा उचलते, म्हणजे ७००० धरले तर आपल्याकडून ५५०० जातील. उमेदवार कायद्याने कामगार नसून प्रशिक्षणार्थी असल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीचा भार पडत नाही. मात्र काम करताना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाचीच असते, आणि ती तशीच असायला हवी. करारात तसे लिहिलेले नसेल तर पुढे नोकरी देण्याचे बंधन नाही. प्रशिक्षण संपवून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. आपल्या त्या मुलाकडे नेमके तेच नव्हते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, मंजुरीशिवाय उमेदवाराला जादा वेळ थांबवता येत नाही, आणि आपल्या धंद्यात हाच मुद्दा अडचणीचा ठरू शकेल.

मूळ प्रश्नकर्ता: सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. जादा वेळेचा मुद्दा खरोखरच महत्त्वाचा आहे, कारण १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि हंगाम उघडण्यापूर्वी सगळ्यांचीच इंजिने एकदम खोलावी लागतात. पण शिकण्याचा खरा काळही तोच असतो. लायनर, पिस्टन, गिअरबॉक्स, शाफ्ट असे सगळे सुटे होऊन समोर पडलेले एरवी वर्षभर पाहायला मिळत नाही. म्हणून रात्रीच्या कामाला जुनीच माणसे ठेवून या मुलांना दिवसा प्रत्येक इंजिन उघडण्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत एकाच मिस्त्रीबरोबर ठेवायचे, असे मी ठरवत आहे. करार असा करायचा आहे की हे दोन्ही महिने त्यात पूर्ण यावेत. त्यासाठी नोंदणीची सुरुवात किती आधी करावी, आणि लहान कारखान्यात प्रशिक्षणाची रोजची नोंद कोणी व कशी ठेवावी, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास फार मदत होईल.